जांबुघोड्याला जायचंय, पण नानांच्या चालीने

मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. ओटा आवरून झालाय, सगळे आपापल्या खोलीत गेलेत, म्हणून जरा लिहायला बसलेय.

गुरुवारी जांबुघोड्याच्या अभयारण्यात जायचं नक्की झालं. ह्यांनी सुट्टी टाकली, वनखात्याच्या परमिटचं बोलणं झालं, बरोबर यायला तिथल्याच गावातला एक राठवा आदिवासी मुलगा मिळालाय. शनिवार मीच नको म्हटलं कारण तिथल्या झंड हनुमानाच्या देवळात त्या दिवशी खूप गर्दी असते, गाड्यांचे हॉर्न पार आतपर्यंत ऐकू येतात. प्रश्न एवढाच राहिला होता की चालायचं किती, आणि त्यावरून घरात दोन दिवस नुसती चर्चा चाललीय.

भाऊजींचं म्हणणं, बडोद्याहून सत्तर किलोमीटर जातोच आहोत तर जाताना चांपानेर करू, पावागढला रोपवेने वर जाऊन दर्शन घेऊ, मग झंड हनुमान, आणि वेळ उरला तर जंगल. आता जंगलासाठी निघालोय आणि जंगलच शेवटी, तेही वेळ उरला तर! आणि चांपानेर, जे २००४ला युनेस्कोच्या यादीत आलं, ते काय जाता जाता बघायचं असतं का? त्या जामी मशिदीसमोरच अर्धा दिवस पाहिजे. त्याला वेगळा दिवस काढू, मी स्वतः डबा करून देईन, पण गुरुवारी फक्त जंगल, हे मी आज जेवताना सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं.

खरं कारण नाना आहेत. सासरे माझे, चौऱ्याहत्तर पूर्ण, डावा गुडघा दुखतो. कुठेही जायचं म्हटलं की त्यांचं एकच, "तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसतो पेपर वाचत." मागच्या हिवाळ्यात तिथल्याच कडा तलावापाशी गेलो होतो तेव्हा ते असेच गाडीत बसले आणि आम्ही पुढे पुढे चालत गेलो, वळायचं कधी हे कोणी ठरवलंच नव्हतं, पाणी संपलं, परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि नाना उन्हात रस्त्यावर उभे, आमची वाट बघत, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ते काही बोलले नाहीत. पण तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या वेळी नाना आत येतील आणि आपण सगळे त्यांच्या चालीने चालू.

म्हणून रविवारी सकाळी त्यांना कमाटीबागेत घेऊन गेले, घड्याळ लावून. सपाट रस्त्यावर एक किलोमीटरला एकोणीस मिनिटं लागली, त्यात दोनदा थांबलो, एकदा तर पुलावर विश्वामित्रीत मगर दिसते का बघायला. (ही नदी पावागढवरून येते, म्हणजे गुरुवारी आम्ही तिच्या माहेरच्या बाजूलाच चाललोय, हे नानांनीच काढलं.) जंगलात पायाखाली सुकी पानं, दगड, मुळं, म्हणून मी किलोमीटरला अर्धा तास धरला. दोन किलोमीटर जायचे, दोन यायचे. साडेसातला चालायला लागायचं आणि साडेआठ वाजले की जिथे असू तिथून परत फिरायचं, समोर कितीही छान काही दिसत असलं तरी. अंतर मोजत बसण्यापेक्षा वेळ धरलेली बरी, कारण घड्याळ सगळ्यांकडे असतं. दहानंतर फेब्रुवारीतही ऊन लागायला लागतं. त्या मुलाला फोनवर विचारलं, तो म्हणाला तलावाच्या कडेने सपाट वाट आहे, टेकडी चढायला नको. मला तेच हवं होतं कारण नानांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतं.

मुलीला महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांच्या वेळेस जायचं होतं, मार्चच्या शेवटी. मलाही त्या गोड वासाचा मोह आहेच, पण तेव्हा गावातले लोक पहाटेपासून झाडाखाली फुलं वेचत असतात, तो त्यांच्या वर्षाच्या कमाईचा भाग आहे, आपण मधेमधे कशाला जायचं. आणि त्याच फुलांना अस्वलंही येतात. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही, एकदम समोर आलं की ते घाबरून अंगावर येतं. बिबटे तर तिथे बारा महिने आहेत. म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, सगळ्यांनी एकत्र राहायचं, आणि अगदी चिडीचूप नाही, आपसात हळू बोलत चालायचं. तसं बघितलं तर एकशे तीस चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य, १९९०ला जाहीर झालेलं, त्यातले आपण चार किलोमीटर चालणार. पुरे आहे.

आणि आत्ता केसुडा फुलायला लागला असेल. नाना त्याला पळसच म्हणतात, तो मुलगा खाखरो म्हणतो. सागाची पानंही आता गळत असतील. मागच्या वेळी एक पान उचलून आणलं होतं मी, ते अजून कपाटावर आहे, आत्ताच काढून बघितलं. जेवायच्या ताटाएवढं आहे, वरून खरखरीत, जिभेवर बोट फिरवावं तसं, आणि मागच्या बाजूने शिरा अशा उठून आलेल्या की डोळे मिटून हात फिरवला तरी मोजता येतात. एका कोपऱ्यात किड्याने सगळं खाऊन नुसती जाळी ठेवलीय, दिव्यासमोर धरलं तर भरतकाम केल्यासारखी दिसते. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतो हे मला नानांनीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात.

आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. साडेआठला वळणार, वाट सपाट आहे, तुम्ही सगळ्यात पुढे चालायचं आणि बाकीचे तुमच्या मागे. पुढे का, तर मागे असलं की माणूस लाजेने ओढून चालतो. ते बराच वेळ गप्प होते. मग तात्या टोप्यांवर गेले, की तात्या बडोद्याच्या रोखाने निघाले होते आणि डिसेंबर १८५८मध्ये पलीकडे छोटा उदेपूरला इंग्रजांनी त्यांना गाठलं, ते याच जंगलांच्या आसऱ्याने फिरले असतील. मी ऐकत राहिले. येतो किंवा नाही येत, काहीच बोलले नाहीत.

उद्याची कामं. मेथीच्या ढेबऱ्यांची कणीक रात्रीच मळून ठेवायची. माणशी दीड लिटर पाणी, ताक वेगळं. सगळ्यांना पूर्ण पॅन्ट आणि बूट, मुलीची सँडल चालणार नाही. कचऱ्याला एक पिशवी. आत नेटवर्क जातं म्हणून शेजारच्या काकूंना सांगून ठेवायचं, अकरापर्यंत फोन आला नाही तर त्या मुलाच्या घरी फोन करा. पहाटे साडेपाचला निघायचं, हालोल, शिवराजपूर करत सातपर्यंत पोहोचू.

हे लिहीत असतानाच नाना पाणी प्यायला बाहेर आले. हातात काठी होती, उलटी धरलेली. म्हणाले, "हिचं खालचं रबर झिजलंय बघ, उद्या मांडवीच्या बाजारात गेलीस तर नवीन आण."