तुम्ही विचारलंत म्हणून: हात चालतोय तर रजिस्टर कशाला?

लग्नात, ओपीडीत, नाशिकच्या गंगापूर रोडला चालायला गेलो तरी तेच. "डॉक्टर, अँजिओप्लास्टीला हात इतका चांगला, मग त्या मीटिंगा आणि रजिस्टरांच्या मागे कशाला?" एकदाच सांगतो. अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद नस फुग्याने उघडणं, सोडलेली नाही आणि कुठलं पदही नकोय मला.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार. पहाटे छातीत दुखायला लागलं, मेव्हण्याने गाडीत घालून मी तेव्हा होतो त्या हॉस्पिटलला आणलं. ईसीजी 10 मिनिटांच्या आत निघाला, अगदी नियमाप्रमाणे. पण तो फाईलला लागला आणि फाईल काउंटरवर गेली, कारण ईसीजी डॉक्टरच्या हातात द्यायचा हे कुणाचंच काम नव्हतं. मेव्हणा डिपॉझिटच्या खिडकीशी, कार्ड चालेना, मग एटीएम शोधत बाहेर. पावती फाटल्याशिवाय कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या, टेक्निशियनला बोलवायचं नाही अशी पद्धत. मला फोन आला तोवर दोन तास उलटून गेलेले. नस पटकन उघडली, स्क्रीनवर रक्त धावताना दिसलं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 30 टक्के, फारच कमी.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी फॉलोअपला आले. म्हणाले, "नस तर उघडली ना साहेब, मग बागेत दोन ओळी फिरलो की दम का लागतो?"

हार्ट अटॅकमध्ये नस बंद असते तेवढा वेळ पुढचा हृदयाचा स्नायू मरत असतो, म्हणून तर हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत नस उघडा म्हणतात. माझा हात कितीही चालला तरी काउंटरवर गेलेला वेळ त्याने परत येत नाही.

पूर्वीचा मी म्हणायचा, डॉक्टरने हात चालवावा, कागद ॲडमिनने बघावेत. त्याचं सगळंच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. घड्याळाच्या धाकाने घाई होते, दुखण्याचं कारण भलतंच असलेला पेशंटही टेबलवर जाऊ शकतो. तरी आता सिस्टर ईसीजी थेट हातात देते, नाहीतर व्हॉट्सॲपला फोटो, पैशाचं नंतर, आणि प्रत्येक केसची वेळ त्या रजिस्टरात लिहिली जाते.

पण सुरगाण्याच्या माणसाचं काय? आमचं घड्याळ आमच्या दारात सुरू होतं, त्याचं दुखणं घाटापलीकडे सुरू झालेलं असतं. 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच द्यायचं, हे गाइडलाइनमध्येच आहे. पण रात्री एकट्या ड्युटी डॉक्टरला वाटतं, मेंदूत रक्तस्राव झाला तर नातेवाईक मलाच धरणार. ती भीती खोटी नाही हो. मी फोनवर असतो, ईसीजी बघून द्या म्हणतो. कधी देतात, कधी तसंच 108 मध्ये घालून नाशिकला पाठवतात.