तुम्ही विचारलेत म्हणून: रोमच्या राज्यातले ग्रीक मुकुट

व्याख्यान संपले की कोणीतरी हटकून विचारते: इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी कॉरिंथ जमीनदोस्त केले, सत्ता गेली, मग ग्रीक लोक पुढे शतकानुशतके विजेत्याला मिळणाऱ्या पानांच्या मुकुटांसाठी धावत आणि कुस्त्या खेळत कशासाठी राहिले? गुलामांची करमणूकच ना ती?

नुसती करमणूक असती, तर रोमन सम्राट डोमिशियनने इ. स. ८६ मध्ये ग्रीक धर्तीच्या स्पर्धा थेट रोममध्ये कशाला सुरू केल्या असत्या? अर्थात तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. निकोमीडिया आणि निकिया ही आशिया मायनरमधली ग्रीक शहरे ‘पहिले शहर’ एवढ्या बिरुदासाठी भांडत होती, तेव्हा प्रूसाच्या डिओ या ग्रीक वक्त्याने त्यांना सुनावले होते की रोमन तुम्हाला हसतात आणि तुमच्या भांडणाचा फायदा सुभेदार उठवतात. भाऊबंदकी ती हीच.

पण ती नुसती करमणूक नव्हती ही माझी बाजू जिथे खरोखर लंगडी पडते तो प्रसंग तुम्ही कधीच काढत नाही, म्हणून मीच काढते. इ. स. ६५ मधले ऑलिंपिया येथील ऑलिंपिक सामने सम्राट नीरोसाठी लांबवून ६७ मध्ये भरवले गेले. तो दहा घोड्यांचा रथ घेऊन उतरला आणि रथातून फेकला गेला; त्याला पुन्हा वर चढवले, तरी शर्यत पुरी करणे त्याला झेपले नाही, आणि हे सामने भरवणाऱ्या एलिस शहराच्या पंचांनी विजयाचा मुकुट त्यालाच दिला. याच एलिसने इ. स. २५ मध्ये अलेक्झांड्रियाच्या सारापिओनला, प्रतिस्पर्ध्यांच्या भीतीने लढतीच्या आदल्या दिवशी पळाला म्हणून, दंड ठोठावला होता. नीरोने पंचांना अडीच लाख द्राख्मा दिले; पुढे त्याच्यानंतरचा सम्राट गाल्बा याने ते परत मागितले.

एलिसच्या नोंदींतून हे एकच, २११वे ऑलिंपियाड (म्हणजे नीरोचे हेच सामने) गाळलेले आहे, असे ग्रीक प्रवासवर्णनकार पाउसानियस सांगतो. हे ग्रीकांचे चोख उत्तर, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. आता माझा आवाज तितका चढत नाही, कारण नीरो जिवंत असताना ती ओळ गाळण्याची कोणाची छाती झाली असेल असे मला वाटत नाही. पण लगेच मनात येते, की ज्यांच्याकडे ना सैन्य उरले होते ना स्वतःचे परराष्ट्र धोरण, त्यांच्या हाती विजेता कोण हे ठरवण्यावाचून होते तरी काय? आणि तेच विकले गेल्याची लाज वाटायला काहीतरी आपले शिल्लक असावे लागते की नाही?

इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा पॅनक्रेशनपटू (कुस्ती आणि ठोसेबाजी एकत्र असलेल्या खेळाचा मल्ल) अस्क्लेपिआदेस शिलालेखात कोरून ठेवतो की तो एकदाही हरला नाही, त्याने मुकुट कोणाबरोबर वाटून घेतला नाही आणि राजाच्या मेहेरबानीने एकही स्पर्धा पदरात पाडून घेतली नाही. पंचविसाव्या वर्षी त्याने आखाडा सोडला, त्याचे कारणही तो लपवत नाही: धोके आणि लोकांचा मत्सर. तो शिलालेख मात्र रोममधलाच, आणि या मल्लाचे पूर्ण नाव मार्कुस औरेलिउस अस्क्लेपिआदेस, म्हणजे मेहेरबानी नाकारतानाही नाव सम्राटाचेच. यावर तुम्ही बोट ठेवाल हे मला ठाऊक आहे. खुशाल ठेवा, मीही ठेवतेच.