कोल्हापूर ते जिबूती : चाच्यांच्या पाण्यातून जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, तेथून कांडला आणि पुढे तांदूळ भरलेल्या बल्क कॅरिअरवरून (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावरून) एडनच्या आखातातून पूर्व आफ्रिकेतील जिबूती, असा हा प्रवास झाला. आपल्या जिल्ह्यातून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे.

मालाने भरलेले असे जहाज पाण्यात खोल बसते आणि १२-१३ नॉटच्या (ताशी सुमारे २२-२४ किलोमीटरच्या) वर सहसा जात नाही. चाच्यांना हेच हवे असते, कारण मोठ्या गलबतावरून सोडलेल्या त्यांच्या वेगवान होड्या अशा जहाजाला सहज गाठतात आणि आकड्याची शिडी अडकवून चाचे डेकवर चढतात. म्हणून आखातात शिरण्यापूर्वीच आम्ही कठड्यांना काटेरी तारेची वेटोळी बांधली, अग्निशमनाचे पाइप बाहेरच्या बाजूला रोखून ठेवले, यूकेएमटीओकडे (या भागातील व्यापारी जहाजांच्या सुरक्षेची माहिती ठेवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राकडे) जहाजाची नोंद केली आणि जादा टेहळणी लावली. पहाटेच्या पाळीला झोप अनावर होते, पण डोळ्यांत तेल घालून पाहण्याची वेळही तीच असते. भारतीय नौदल २००८ पासून येथे गस्त घालते, याचा मोठा आधार वाटतो.

तरीही सर्वाधिक महत्त्व मी सिटाडेलच्या सरावाला देईन. आतून बंद होणाऱ्या या खोलीत प्रत्येक जण पोहोचला आणि बाहेरच्या जगाशी संपर्क टिकला, तरच नौदलाचे कमांडो निर्धास्तपणे जहाजावर उतरू शकतात; एक जण जरी बाहेर ओलीस राहिला, तरी त्यांचे हात बांधले जातात. जानेवारी २०२४ मध्ये चाचे चढलेल्या ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरील २१ जण, त्यांपैकी १५ भारतीय, सिटाडेलमध्ये सुरक्षित राहिले आणि भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस चेन्नई’च्या मदतीने सुटले. त्यामुळे सरावाला कंटाळू नका, आणि रोजच्या गोळ्या व चष्मा एका छोट्या पिशवीत हाताशी ठेवा.

निघण्यापूर्वी एजंटकडे आरपीएसएल परवाना (खलाशांची भरती करण्याचा सरकारी परवाना) आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. परवाना नसेल तर त्याच्यामार्फत जाऊ नका, आणि असला तरी नोकरी लावण्यासाठी एक रुपयाही देऊ नका. नोकरीचा करार पूर्ण वाचा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या (एमएलसी) डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार खलाशी चाच्यांच्या ताब्यात असतानाही त्याचा पगार चालू राहतो, हे आई-वडिलांना आणि पत्नीला आधीच सांगून ठेवा. कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक घरी लिहून ठेवा, जहाजाचे ठिकाण व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकू नका, आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर घरच्यांनी परस्पर कोणाशीही खंडणीची बोलणी न करता आधी कंपनीशी आणि महासंचालनालयाशी संपर्क साधावा.