डोलकाठीची गळती : मृग ते पुष्य

आमची शिडाची होडी अजून बामणोलीकडेच आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, नातेवाइकांच्या परड्यात, क्रेडलवर म्हणजे होडी ठेवायच्या सांगाड्यावर उभी. डोलकाठी उतरवलेली नाही. आमची काठी डेकवर टेकलेली नाही. ती डेकच्या भोकातून केबिनमध्ये उतरते आणि तळातल्या खोबणीत बसते. ती उपसायची तर क्रेन लागते, आणि कासवरून येणाऱ्या त्या रस्त्यानं भर पावसात क्रेन आणायची नाही हे आधीच ठरलं होतं. तेव्हा काठी उभी ठेवूनच तिच्या वाटेनं केबिनमध्ये होणारी पावसाची गळती बंद करायची, हे यंदाच्या पावसाळ्याचं काम.

इथला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरापलीकडच्या महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जावळीचा हा पट्टा त्याच ढगांखाली येतो. त्या मानानं सातारा शहर कोरडंच. शिवाय पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो. काठीवर आपटलेलं सगळं पाणी ओघळत डेकपर्यंत येतं.

मृग

पहिल्या जोराच्या सरीनंतर काठीच्या पायाशी पाणी साचलेलं दिसलं. लगेच सिलिकॉनची नळी हातात घ्यायचा मोह होतो, तो टाळायचा. पाणी जिथं ठिबकतं तिथून ते शिरलेलं असतंच असं नाही. केबिनच्या छताला आतून अस्तर असेल तर ते हातभर लांब जाऊन उतरतं.

म्हणून उघडीप मिळाल्यावर सगळं फडक्यानं कोरडं केलं. आतल्या बाजूनं काठीभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, कारण कागदावर ओलीचा डाग जिथं पडतो तिथंच राहतो. भाचा टॉर्च घेऊन आत बसला, मी वर नळीनं पाणी सोडत राहिले. सुरुवात खालून करायची: आधी नुसता डेक, मग कॉलर (डेकच्या भोकाभोवतीचं बोल्टानं बसवलेलं कडं), मग कॉलरच्या वर वीतभर, मग त्याहून वर. एकदम वरून पाणी ओतलं तर कुठलं कुठून आलं ते कळत नाही.

डेक भिजवला, काही नाही. कॉलरवर नळी नेली तशी आतून हाक आली, "मामी, आलं! उजवीकडनं!" कॉलर कोरडी करून पाणी आणखी वर, काठीच्या मागच्या अंगाला सोडलं, तर दुसरीकडून धार लागली. नळी बंद करून बराच वेळ थांबलो तरी तळाशी थेंब पडतच होते. ते पाणी काठीच्या पोटातलं. म्हणजे वाटा तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे. एकाच मलमपट्टीनं तिन्ही बुजवायला गेलं की गळती दर पावसाळ्यात परत येते.

आर्द्रा

आधी पाचरी. काठी आणि डेकचं भोक यांच्यामधल्या सागवानी पाचरी ढिल्या असतील तर वाऱ्यानं काठी हलते, आणि हलत्या सांध्यावर कुठलंही कडक सीलंट टिकत नाही, तडकतं. आमच्या दोन पाचरी हातानं निघत होत्या. सुतारदादांकडून नव्या करून घेतल्या, ठोकून बसवल्या, वर आलेली टोकं कापून कडा घासून गोल केल्या. धारदार कड राहिली तर ती वरचं रबर आतून खाते.

मग खाच. काठीच्या मागच्या अंगाला शीड सरकवायची जी उभी खाच असते, ती म्हणजे पन्हळच. वरून कितीही छान रबर आवळा, खाचेतलं पाणी क्लॅम्पच्या मागून निवांत खाली जातं. बऱ्याच जणांची गळती वर्षानुवर्षं इथंच अडलेली असते असं माझं मत आहे. जुन्या टूथब्रशनं खाचेतला मळ काढला, ॲसिटोननं पुसलं, आणि क्लॅम्प जिथं येणार त्या उंचीवर चार बोटं लांबीचा भाग पॉलियुरेथेन सीलंटनं भरला. वरचं तोंड बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवलं, म्हणजे खाचेतून आलेलं पाणी तिथं न साचता काठीवरून पुढं ओघळतं.

सीलंट घेताना एक बघा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते काठीच्या ॲल्युमिनियमजवळ नको. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि धातू खातं. पॉलियुरेथेनचा आणखी फायदा असा की ते हवेतल्या दमटपणावरच पक्कं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत दमटपणा मुबलक असतो. फक्त लावायची जागा कोरडी हवी, आणि वर ताडपत्री धरून तेवढी उघडीप साधता येते.

पुनर्वसू

तरणा पाऊस सुरू व्हायच्या आत रबर बसवायचं होतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या पंक्चरवाल्या मामांकडे ट्रकची जुनी ट्यूब मागितली.

"कशाला पायजे, ताई? पोहायला?"

"होडीच्या काठीला बांधायचीय."

त्यांनी दोन-तीन ट्यूब बाजूला सारून एक मऊ, भेगा नसलेली काढून दिली, आणि जोडासाठी स्वतःचंच सोल्युशन दिलं. वर सांगितलं की दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं खरवडून, सोल्युशन लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. जोड त्यांच्या सांगण्याप्रमाणे केला आणि तो पक्का बसला आहे.

काठी उभी असल्यामुळे ट्यूब वरून ओवता येत नाही. ती उभी चिरून काठीभोवती गुंडाळायची आणि जोड वाऱ्याच्या आडोशाला, पण खाचेपासून लांब ठेवायचा. आधी काठीवर ब्यूटाइल टेपचा, म्हणजे मऊ चिकट रबराच्या पट्टीचा, वेढा दिला. काठी लंबगोल असल्यानं क्लॅम्प गोलाईवर घट्ट बसतो आणि सपाट बाजूंवर सैल राहतो. ती फट टेप भरून काढते, आणि ब्यूटाइल कडक होत नाही.

खरी युक्ती पुढची आहे. रबर सरळ लावायचंच नाही. तोंड वर करून, उलटं गुंडाळायचं, खालच्या कडेवर स्टेनलेस क्लॅम्प आवळायचा, आणि मग वरचा भाग मोजा उलटवावा तसा खाली ओढून कॉलरवर घ्यायचा. क्लॅम्प आत झाकला जातो आणि वरून येणारं पाणी रबराच्या घडीवरून घसरून जातं. कॉलरभोवती दुसरा क्लॅम्प. ओढताना रबर ताणावं लागतं, त्याला दोन माणसं हवीतच.

पुष्य

पोटातलं पाणी राहिलं होतं. काठीच्या टोकाच्या कप्प्यांतून आणि दोऱ्या बाहेर येतात त्या फटींतून पाऊस आत जाणारच. तो बाहेरून थांबवता येत नाही. काही जण डेकच्या वर काठीला भोक पाडून आत फोमचा बांध घालतात. काठी उभी असताना, आत वायर असताना, मला ते धोक्याचं वाटतं. त्याऐवजी पायाशी असलेलं निचऱ्याचं भोक तारेनं मोकळं केलं. गंजाचा चुरा आणि एका किड्याचं मातीचं घर निघालं, आणि त्यामागून इतके दिवस अडलेलं पाणी आलं. आता ते तळात उतरतं आणि उघड्या ठेवलेल्या ड्रेन प्लगमधून बाहेर जातं. टोकाच्या दिव्याची वायर काठीतून बाहेर येते तिथं तिला खाली झोल दिला, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळतो, स्विचबोर्डापर्यंत जात नाही.

म्हाताऱ्या पावसाची झड लागली आहे. वर्तमानपत्राच्या नव्या पट्ट्या परवा पाहिल्या, तिन्ही बाजू कोरड्या. उजवीकडे एक फिकट डाग आहे, पण तो कॉलरच्या बोल्टाखाली. तिथं डेकवर नाण्यानं टकटक केली तर आवाज बद्द येतो, इतरत्र खणखणीत. म्हणजे फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड तेवढ्या भागात ओलं झालं आहे. ते आता उघडून उपयोग नाही, वाळणारच नाही. बोल्टाच्या डोक्याभोवती ब्यूटाइल दाबून ठेवलं आहे.

उन्हानं ट्यूब तडकते, म्हणून रबरावर जाड कॅनव्हासचं आवरण शिवायला टाकलंय. दिवाळीनंतर रस्ता वाळला की क्रेन आणायची, काठी उपसून पायाचं ॲल्युमिनियम किती खाल्लं गेलंय ते बघायचं आणि बोल्टांची भोकं मोठी करून इपॉक्सीनं भरून पुन्हा पाडायची. बाल्साचं असं काम कोणी केलं असेल तर ओलं लाकूड किती खरवडून काढलं आणि वाळवायला काय वापरलं, ते जरूर सांगा.