जुन्या भाऊसाहेबांची ट्रंक

मी तलाठी. आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी झालोय पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात. सज्जा, म्हणजे माझ्याकडची गावं, माणदेशातला, पाऊस नावालाच. दिवाळीच्या आवराआवरीत गावातल्या एका ताईंचा फोन आला, भाऊसाहेब जरा घरी येऊन जाता का, सासऱ्यांची ट्रंक रद्दीत घालायचीय पण आत सरकारी काय असलं तर नंतर लफडं नको. सासरे म्हणजे याच सज्ज्यातले जुने तलाठी, जाऊन सहा वर्षं झाली.

ट्रंक उघडली तर वर कडुनिंबाचा वाळका पाला. खाली लाल शाईची दौत, बदलीचे आदेश, पगाराच्या पावत्या, आणि एका पुठ्ठ्यावर हातानं काढलेला तक्ता, 1 एकर = 40 गुंठे = 40.47 आर. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आलं तेव्हा या लोकांनी अख्ख्या गावाचे आकडे हातानं फिरवलेत, आणि आम्ही सर्व्हर डाऊन झाला की कपाळाला हात लावून चहाला जातो!

त्याखाली रोजनिशा. सरकारी नव्हेत, स्वतःच्या, लांबट हिशोबाच्या वह्यांत. 1972 च्या दुष्काळाची वही मी तिथंच फरशीवर बसून वाचली. पाझर तलावावर किती माणसं, सुकडीची पोती आली का नाही, कोण खडी फोडताना चक्कर येऊन पडलं. आमच्या दप्तरात त्या वर्षाची आणेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज, सापडते, बस. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला कुठल्या गाव नमुन्यात रकाना असणार?

वहीच्या शेजारी एक काडीपेटी. मला वाटलं रिकामी असेल. आत पोस्टाची सर्व्हिस तिकिटं, म्हणजे सरकारी टपालाला लावायची, चिकटू नयेत म्हणून मधे बटरपेपरचे कपटे घातलेले, आणि चिठ्ठी, "सरकारी. 14 नग. चार्ज देताना द्यायची राहिली." मी मोजली. 14 च होती. माणूस रिटायर झाला, वारला, तिकिटं तशीच.

हसू आलं खरं. मग 1976 ची वही उघडली आणि एका पानावर अडकलो. एका खातेदाराची वारस नोंद घातल्याचं लिहिलेलं, बायको आणि दोन मुलगे. खाली बारीक अक्षरात, "मुलगी नऊ वर्षांची, मामाकडे आहे. चुलता म्हणतो तिचे लग्न आम्ही लावू, नाव कशाला. मी बोललो नाही. बोलायला हवे होते."

संध्याकाळी ऑफिसला जाऊन जुनं फेरफार रजिस्टर, म्हणजे जमिनीवरच्या नावांचे बदल लिहितात ते, काढलं. नोंद आहे, तीन नावं, सर्कल ऑफिसरची सही, मंजूर, कुठं खाडाखोड नाही. वारसा कायदा 1956 चा, म्हणजे तेव्हाही मुलीचा हक्क होताच, आणि फेरफारात नाव नाही म्हणून काय हक्क जात नाही, पण हे तिला कुणी सांगितलं तर ना. अपील करायचं तर प्रांताधिकाऱ्याकडं जावं लागेल, त्याला मुदत 60 दिवसांची आणि इथं पन्नास वर्षं होत आली. विलंब माफी मागता येते, दिवाणी कोर्ट आहे, पण ते सगळं भावांच्या विरोधात.

कोतवालाला सहज विचारल्यासारखं विचारलं, ती बाई आहे का हयात. म्हणाला, आहे की, दरवर्षी यात्रेला येती, भावाकडंच उतरती, भाऊ लुगडं-चोळी करतो, लई माया आहे.

आता बोला.

दुसऱ्या दिवशी ट्रंक परत लावून द्यायला गेलो तर ताई विचारतात, निघालं का काय सरकारी? म्हणलं तिकिटं तेवढी सरकारी, बाकी सगळं त्यांचं. ते पान त्यांनीही वाचलं होतं बहुतेक, कारण वहीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, यानं मामंजींचं नाव खराब नाही ना होणार? मला पटकन उत्तर सुचलं नाही. रद्दीवाल्याला पावत्या-बिवत्या दिल्या, वह्या त्यांनी ठेवून घेतल्या, मी ताईंना विचारून त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला.

यात्रा चैत्रात आहे.