बाथच्या कुंडातली गाऱ्हाणी

लेक ब्रिस्टलला असते. तिथून बाथ ट्रेनने पंधरा मिनिटांवर. ‘बाबा, रोमन लोकांची आंघोळीची जागा आहे, तुम्हाला आवडेल,’ असं तिने सांगितलं आणि आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. आता मी रत्नागिरीचा. उन्हवरे, तुरळ, राजवाडी ही गरम पाण्याची कुंडं लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे कुंड बघायला तिकीट काढायचं हे काही मनाला पटत नव्हतं.

मोठं कुंड फोटोत दिसतं तसंच आहे. पाणी हिरवंगार. रोमन काळात वर छप्पर होतं, आता उघड्यावर ऊन लागून शेवाळ धरतं. तळाला त्यांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून आहेत. झरा शेजारीच, पाणी 46 अंशांचं, आणि रोज जवळजवळ 11 लाख 70 हजार लिटर वर येतं. उतरायला अर्थातच मनाई. ‘राजवाडीला निदान पाय तरी बुडवता येतात,’ ही म्हणाली, आणि आम्ही आत वळलो.

या झऱ्याची देवी सुलिस. ती रोमन येण्याआधीपासूनची, इथल्या केल्टिक लोकांची. इ.स. 43 मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं. त्यानंतर काही दशकांत त्यांनी इथे देऊळ बांधलं, पण देवीला हाकललं नाही. तुमची सुलिस तीच आमची मिनर्व्हा, असं ठरवून टाकलं आणि नावही जोडून घेतलं, सुलिस मिनर्व्हा. तिच्या मूर्तीचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्याचं मस्तक काचेमागे आहे. 1727 साली रस्त्यात गटार खणताना मजुरांना ते सापडलं. चेहरा शांत, थोडा कंटाळलेला. पुढे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते कळल्यावर मला त्या कंटाळ्याचं नवल वाटेनासं झालं.

झऱ्यात लोक नाणी टाकत, बारा हजारांच्या वर मिळालीत. माझे पाय मात्र पुढच्या एका कपाटापाशी थबकले. शिशाचे आणि शिसं-कथलाच्या मिश्र धातूचे पातळ पत्रे, बहुतेक तळहातात मावतील एवढे. त्यांवर टोकदार कलमाने लॅटिन कोरलेलं. मजकूर कोरून झाला की पत्र्याची घडी किंवा गुंडाळी करायची आणि झऱ्यात टाकायची. 1979-80 च्या उत्खननात ते मोठ्या संख्येने निघाले, एकूण सुमारे 130. इंग्रजीत त्यांना शापाचे पत्रे म्हणतात. मी 31 वर्षं दिवाणी कोर्टात कारकुनी केली, मला ते पहिल्या ओळीपासून अर्ज वाटले.

बघा ना. कोणी डोसिमेडिस. त्याचे दोन हातमोजे चोरीला गेले. चोराची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळातच जावेत, अशी त्याची विनंती. हातमोज्यांसाठी डोळे! डोसिलियानस नावाच्या दुसऱ्याचा टोपीचा झगा गेला. त्याचं म्हणणं, झगा देवळात आणून देईपर्यंत चोराला झोप लागू नये, आता किंवा पुढे मूलबाळ होऊ नये. बॅसिलिया नावाच्या बाईची चांदीची अंगठी. तिने चोराबरोबर गप्प बसणाऱ्यालाही गोवलंय: ज्याला माहीत असून तो बोलणार नाही, त्याचं रक्त, डोळे, सगळी गात्रं शापित होवोत, आतडी खाल्ली जावोत. बाईला जाबजबाब कळत होता.

आंघोळीच्या जागी कपडे चोरीला जायचे, हे तर रोमन कायद्यालाही ठाऊक होतं. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायदा संकलित करवला, त्यात स्नानगृहातल्या चोरांवर वेगळं प्रकरण आहे. पण ब्रिटनच्या एका कोपऱ्यातल्या माणसाने झग्यासाठी कोणाच्या दारात जायचं? तो देवीकडे जायचा. आणि त्यात एक खुबी होती. काही अर्जदार गेलेली वस्तू आधी देवीला देऊन टाकतात. एकजण लिहितो, हरवलेली सहा चांदीची नाणी मी सुलिस देवीला दिली, आता ती खाली लिहिलेल्या नावांकडून देवीने वसूल करावीत. खाली तीन संशयित. म्हणजे फिर्यादी बाजूला, चोर थेट देवीचा देणेकरी. असं हस्तांतर करून वसुली मागणारे पक्षकार आमच्याकडे फार कमी आले.

भाषाही किती सावध! दुसऱ्या एका पत्र्यावर चोराचं वर्णन असं: मूर्तिपूजक असो वा ख्रिस्ती, पुरुष असो वा स्त्री, मुलगा असो वा मुलगी, गुलाम असो वा स्वतंत्र. आमच्या ‘अज्ञात इसम’पेक्षा हे पक्कं. कोणी निसटायलाच नको. ख्रिस्ती शब्द आलाय म्हणजे चौथ्या शतकाच्या आसपासचा काळ, नवा धर्म गावात आलेला आणि चोराच्या यादीतही बसलेला.

एक शपथेचाही पत्रा आहे. युरिकॅलस, त्याची बायको, मुलं आणि भावाचं कुटुंब. 12 एप्रिलला झऱ्यावर शपथ घेतलेल्यांची ही नावं, जो खोटं बोलला असेल त्याने देवीला स्वतःच्या रक्ताने भरपाई करावी. कसला वाद होता, ते लिहिलेलं नाही. जमिनीचा असणार, माझं मन सांगतं.

मला वाटलं होतं, आमच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसायचे तसे देवळाबाहेर अर्ज लिहून देणारे बसत असतील. मजकूर इतका एकसारखा. पण अक्षर जवळजवळ प्रत्येक पत्र्यावर वेगळं निघालंय. लोक स्वतःच लिहीत होते, साचा तेवढा उसना. त्या सहा नाण्यांच्या पत्र्याच्या शेवटी तर स्पष्ट नोंद आहे की लिहिलेलं पान पुरतं उतरवून घेतलं. खरी नक्कल! मी हिला दोनदा वाचून दाखवलं. हिने घड्याळ पाहिलं.

काही पत्र्यांवर मात्र अक्षरंच नाहीत. अक्षरांसारख्या रेघोट्या, ओळीत नीट, पण वाचता काहीच येत नाही. लिहिता न येणारी माणसंही मागे राहिली नव्हती. मला कोर्टातल्या निशाणी अंगठ्याच्या कागदांचा ढीग आठवला, आणि शाई पुसायला डोक्याला बोट घासणारे म्हातारे.

बाहेर पडताना नळाचं कोमट पाणी चाखायला देतात. हिने अर्धा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘अहो, त्या रेघोट्यावाल्याचं गाऱ्हाणं पोचलं असेल का हो देवीला?’

‘सापडलं झऱ्यातच,’ मी म्हटलं. ‘म्हणजे दाखल तरी झालं होतं.’