सांजो वाड्याची नक्कल: आगीपाशी पोचले

सांजो वाड्याच्या जुन्या जपानी पटाची मी नक्कल करतेय, तिच्यातला आगीचा तुकडा संपला. पाच आठवडे लागले, त्यातले दोन वाया गेले. पहिल्या कागदावर सरस-तुरटीचा हात कमी पडला आणि धुराची शाई फुटली. तो कागद बाजूला ठेवून नव्यावर दोन हात दिले, दोन दिवस वाळू दिला, तेव्हा कुठे रेघ जागच्या जागी राहिली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ‘हेइजी मोनोगातारी एमाकी’ म्हणजे हेइजीच्या बंडाची कथा सांगणारे गुंडाळायचे लांब चित्रपट. त्यातल्या सांजो वाड्यावरच्या हल्ल्याच्या पटाची ही निम्म्या मापाची नक्कल. १३व्या शतकातला मूळ पट बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, ४१ सेंटिमीटर उंच, जवळपास ७ मीटर लांब. ११५९मध्ये जपानमध्ये दरबारी फुजिवारा नोबुयोरी आणि योद्धा मिनामोतो योशितोमो यांनी रात्री वाड्यावर चालून जाऊन निवृत्त सम्राट गो-शिराकावांना पळवलं, ती ही घटना.

ज्वाळांना आधी सपाट हिंगूळ लावला होता. झालर लावल्यासारखं दिसलं. मग एकेक जीभ वेगळी धरली, बुडाशी गडद, टोकाकडे विरळ, आणि मधून काळा धूर लोळवला. आता ऊब लागते.

विहीर मात्र काढवत नव्हती. आगीतून वाचायला वाड्यातल्या बायकांनी तिच्यात उड्या टाकल्या. कथेत आहे की तळच्या बुडाल्या, मधल्या चेंगरल्या, वरच्या भाजल्या. चित्रकाराने ते टाळलेलं नाही. मीही लांब मोकळे केस आणि वस्त्रांचा तो गुंता सगळा काढला, रोज अर्धा तास, त्याहून जास्त बसवेना.

या वेळी एक गोष्ट फार उपयोगी पडली. पट असा अख्खा पसरून बघायचा नसतो. हातभर उलगडायचा, उजवीकडून गुंडाळत डावीकडे जायचं. म्हणून पुठ्ठ्याला ३० सेंटिमीटरची खिडकी कापली आणि तीच नकलेवरून सरकवत गेले. बैलगाड्यांच्या रेटारेटीनंतर माझ्या चित्रात थोडी मोकळी जागा राहिली होती, तिथे जोर ओसरत होता. तीन घोडेस्वार मूळ चित्राबरहुकूम पुढे सरकवले, आणि खिडकीत पुन्हा श्वास घ्यायला जागा उरली नाही.

पुढे नागिनाताच्या (लांब दांड्याला वाकडं पातं लावलेलं शस्त्र) टोकावरची मुंडकी आणि सम्राटाची गाडी. अगदी शेवटी एक एकटा स्वार, त्याच्यापुढे पायी चालणारा धनुर्धर. त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगला कागद राखून ठेवलाय. घोड्याच्या पायांचा सराव कालपासून वर्तमानपत्रावर चालू आहे. मागचा उजवा अजून लाकडी येतोय.